डावीकडच्या दोऱ्या

ऊना बुधवारी सकाळी गेली, आणि दुपारपर्यंत आर्ची गिल्मरच्या ध्यानात आलं की तिची माती शनिवारीच करावी लागणार. शनिवारी फुटबॉलची मॅच होती. निळ्यांची आणि हिरव्यांची, म्हणजे प्रॉटेस्टंटांच्या संघाची आणि कॅथलिकांच्या.

"दुसरा दिवस नाही का?" त्याने मयताची व्यवस्था बघणाऱ्या अंडरटेकर पेटिग्रूला विचारलं.

"सोमवारी जागा नाही, मंगळवारी फादर नाहीत," पेटिग्रू म्हणाला. "आणि शनिवार काय वाईट? दुपारी बाराला दफन. मॅच तीनला. सगळे वेळेत मोकळे होतील."

ग्लासगोत मॅचच्या दिवशी कोणी कोणाच्या मयताला जातं का, हे पेटिग्रूला ठाऊक नव्हतं असं नाही. पण त्याचा धंदा दोन्हीकडच्यांवर चालायचा, म्हणून तो कुठल्याच दिवसाला वाईट म्हणत नसे.

आर्ची प्रॉटेस्टंट, ऊना कॅथलिक. त्यांचं लग्न सरकारी कचेरीत झालं होतं. दोन्ही घरचं कुत्रंसुद्धा आलं नव्हतं. साक्षीदार म्हणून सह्या करायला बाहेर ट्राम धुणाऱ्या दोन बायकांना आत बोलवावं लागलं. त्या हात पुसत आल्या, सह्या केल्या आणि ऊनाच्या गालाचा मुका घेऊन परत ट्राम धुवायला गेल्या. सव्वीस वर्षं ऊना त्या बायकांची आठवण काढायची. शेवटच्या आठवड्यात मात्र ती वेगळंच बोलली.

"लग्नाला कोणी आलं नाही, ते राहू दे," ती म्हणाली. "पण मातीला दोन्हीकडचे येऊ देत, आर्ची. माझ्या दोऱ्यांना दोन्हीकडचे हात लागले पाहिजेत. एवढं कर."

"करतो," आर्ची म्हणाला. तो कधी फारसं बोलायचा नाही, पण बोललेलं करायचा.

पेटी खड्ड्यात सोडायला आठ दोऱ्या असतात. एक डोक्याशी, ती नवऱ्याची. एक पायाशी. तीन डावीकडे, तीन उजवीकडे. कोणी कुठं उभं राहायचं ते घरच्यांनी ठरवायचं. माणसाला दोरी मिळणं हा मान असतो, आणि मिळाली नाही तर वीस वर्षं बोलणं बंद होतं.

गुरुवारी आर्ची धाकट्या भावाकडे गेला. सॅमी दारूच्या गुत्त्यात त्याच्या नेहमीच्या कोपऱ्यात होता. पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला. पण जवानीत पुलावरच्या टोळीत त्याचं नाव होतं, आणि वस्तरा त्याच्या कोटाच्या वरच्या खिशात असायचा. आताही काहीतरी असायचं, आर्ची विचारत नसे.

"तुझी बायको गेली ते कळलं," सॅमी म्हणाला. सव्वीस वर्षांत त्याने ऊनाचं नाव कधी घेतलं नव्हतं. "वाईट झालं."

"शनिवारी बाराला. तुला दोरी ठेवलीय. आपल्याकडच्या तिघांना, तुला, बिग टॅमला आणि रॉबर्टला."

सॅमीने ग्लास खाली ठेवला. "शनिवारी?"

"मॅच तीनला आहे."

"मॅचची बस एकला सुटते, आर्ची. आणि मी त्यांच्या चॅपलमध्ये पाऊल टाकणार नाही, आधीच सांगतो."

"नको टाकूस. बाहेर उभा राहा. सगळे तेच करतात."

"आणि कबरीवर त्या फादरने अंगावर पाणी शिंपडलं तर?"

"पाऊस आला तर भिजतोसच की."

"पाऊस देवाचा असतो. ते पाणी पोपचं." गुत्त्यातले दोघे-तिघे हसले, तसा सॅमीही हसला. मग भावाच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने हसू आवरलं. "बरं. येतो. पण त्यांच्यातल्या कोणाच्या खांद्याला खांदा लावून मी उभा राहणार नाही."

तिथून आर्ची कोळशाच्या वखारीत गेला. ऊनाचा भाऊ ह्यूई मलहर्न तिथं पोती भरत होता. त्याच्या डाव्या कानापासून ओठापर्यंत एक पांढरी रेघ होती, कोळशाच्या धुळीतही ती दिसायची. वीस वर्षांपूर्वी, अशाच एका मॅचनंतर, ती सॅमीने वस्तऱ्याने काढली होती.

"पायाशी मी," ह्यूई म्हणाला. "तिचा सख्खा भाऊ मी एकटाच."

"तू पायाशी. ठरलं."

"आणि तुझा तो न्हावी?"

"तोही येणार आहे."

ह्यूईने फावडं पोत्यात तसंच ठेवलं. "माझ्या बहिणीच्या पेटीला तो हात लावणार?"

"तिनंच सांगितलंय."

"ती पहिल्यापासून खुळीच," ह्यूई म्हणाला. त्याचे डोळे भरून आले, ते त्याने काळ्या हाताने पुसले आणि तोंड आणखीच काळं केलं. "बरं. पण तो माझ्या हाताशी नको. माझी पोरं त्याच्या हाताशी नकोत."

त्या संध्याकाळी आर्चीने टेबलावर चमचे मांडले आणि विचार केला. डावीकडे सॅमी, टॅम, रॉबर्ट. उजवीकडे ह्यूईचे दोन मुलगे आणि चुलतभाऊ. मधे ऊना. कोणाचा खांदा कोणाला लागायला नको. त्याला वाटलं, झकास जमलं. दुसऱ्या दिवशी पेटिग्रूने चिठ्ठ्यांवर नावं लिहून घेताना पेन थांबवलं.

"मी सहसा सरमिसळ करतो," तो म्हणाला. "एक यांच्यातला, एक त्यांच्यातला."

"तुम्ही यांना ओळखत नाही," आर्ची म्हणाला.

पेटिग्रूने मान हलवली आणि तसंच लिहिलं.

शनिवारी धुकं होतं. सव्वीस वर्षं दर रविवारी आर्ची ऊनाला चॅपलच्या कोपऱ्यापर्यंत सोडायचा आणि दिव्याच्या खांबाशी सिगरेट ओढत उभा राहायचा. बापाला शब्द दिला होता की त्या दारातून आत जाणार नाही. बाप मरून जमाना झाला, तरी शब्द चालूच होता. आज तो पेटीमागून आत गेला. खाली बसायचं तेव्हा तो उभा राहिला, गुडघे टेकायचे तेव्हा बसला. शेजारच्या म्हातारीने त्याची बाही ओढली.

"बस रे बाबा आता."

"ऊना कुठं बसायची?" त्याने हळूच विचारलं.

"ती होय? त्या खांबामागं." म्हातारीने हनुवटीने दाखवलं. "नवऱ्याशिवाय येणाऱ्या बायका तिथंच बसतात. कोणाच्या डोळ्यावर येत नाहीत."

तो उठून तिथं जाऊन बसला. खांबामागून फादर दिसत नव्हते, मेणबत्त्याही दिसत नव्हत्या. भिंत तेवढी दिसत होती. आर्ची सगळा वेळ त्या भिंतीकडे बघत बसला.

बाहेर आल्यावर रस्त्यापलीकडे सॅमी, टॅम आणि रॉबर्ट टोप्या काढून उभे दिसले. आर्चीला बरं वाटलं. आले होते म्हणायचे.

डाल्बेथच्या कबरस्तानात माती ओली होती. पेटिग्रूने एकेकाचं नाव पुकारलं आणि जो तो आपल्या दोरीशी गेला. आर्ची डोक्याशी, ह्यूई पायाशी. डावीकडे आर्चीची माणसं, उजवीकडे ऊनाची. मधे पेटी फळ्यांवर ठेवलेली. क्षणभर सगळं तिने सांगितलं होतं तसं झालं. आठही जणांच्या हातात दोरी होती. आर्चीने ते बघून घेतलं.

फादर किनान म्हातारे होते आणि सावकाश बोलायचे. सॅमीने मनगट वळवून घड्याळ बघितलं. टॅमने सॅमीकडे बघितलं. फादरनी पाणी शिंपडायची दांडी उचलली, पेटीवर एकदा फिरवली, दुसऱ्यांदा फिरवली, आणि तेवढ्यात वारा आला. चार थेंब सॅमीच्या बाहीवर पडले.

सॅमी बाहीकडे बघतच राहिला.

"सांगितलं होतं मी," तो मोठ्याने म्हणाला. "आर्ची, तुला सांगितलं होतं."

"सॅमी, पेटी सोडायची आहे. दोन मिनिटं."

"हे पाणी अंगावर घेऊन मी गल्लीत कसा जाऊ?"

"पुसून जा," ह्यूई पायाशी उभा राहून म्हणाला. "नाहीतर खरं सांग की. बस एकची आहे."

सॅमीचा चेहरा लाल झाला. त्याने दोरी खाली टाकली. तो वळला. टॅमने एकदा आर्चीकडे, एकदा पेटीकडे बघितलं. तो वाईट माणूस नव्हता, ऊनाच्या हातचं सूप त्याने पुष्कळदा प्यायलं होतं. पण तिघांमधला मागं राहिलेला एक व्हायची त्याची छाती नव्हती. त्याने दोरी अलगद ठेवली, जणू अलगद ठेवल्याने काही फरक पडत होता. रॉबर्ट तर केव्हाच निघाला होता.

डावीकडे कोणी उरलं नाही. तीन दोऱ्या चिखलात पडल्या.

"थांब," ह्यूई म्हणाला. "फाटकाशी आमची माणसं आहेत. तिघांना बोलावतो. आमची आम्ही उतरवू तिला."

"नको," आर्ची म्हणाला.

"अरे, एका बाजूला ती कलंडेल!"

"एकाच बाजूची होऊन ती जाणार नाही. नको म्हटलं ना."

कबर खणणारे तिघे जरा लांब फावड्यांवर रेलून उभे होते. आर्चीने त्यांना हाक मारली. ते आले, चिखलाचे हात पँटला पुसले आणि डावीकडच्या दोऱ्या उचलल्या. आर्चीला ट्राम धुणाऱ्या त्या बायका आठवल्या. त्यांनीही असेच हात पुसले होते.

"तुम्ही कोण?" त्याने अगदी जवळच्याला विचारलं. "बिली की डॅन?"

ग्लासगोत पोरांना चालता यायला लागलं की हा प्रश्न कळतो. बिली म्हणजे प्रॉटेस्टंट, डॅन म्हणजे कॅथलिक. अंधाऱ्या गल्लीत चार जण आडवे येऊन विचारतात, आणि चूक उत्तराला हाडं मोडतात.

"पोटासाठी खणतो, साहेब," तो माणूस म्हणाला. "सोडायची का?"

सोडली. ती सरळ गेली.

ह्यूईने मूठभर माती टाकली, आर्चीचा खांदा दाबला आणि खाली मान घालून म्हणाला, "घरी येतो चहाला. मॅच झाल्यावर." वळताना त्याच्या कोटाच्या गळ्यातून हिरवा मफलर दिसला. आतून त्याने तो सकाळपासूनच घातला होता.

घरी टेबलावर वीस माणसांचं खाणं मांडलेलं होतं. बेकरीतून मांसाचं सारण भरलेले स्टेक-पाय आणले होते, मयताला तेच लागतात. समोरच्या घरातली मिसेस लोगन चहाचं बघून, डोळे पुसून आपल्या घरी गेली. आर्ची एकटा बसला. स्टेडियमवरची गर्जना त्या खिडकीत ऐकू यायची, आजही आली. गोल झाल्याची गर्जना वेगळी असते. तशी एकदाही आली नाही. शून्य-शून्य.

त्याला ऊना आठवली, अठरा वर्षांची. तो पुलाच्या तोंडाशी टोळीतल्या पोरांबरोबर उभा होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवत. ती काखेत पाव घेऊन आली. त्यानेच विचारलं होतं, "बिली, डॅन, की जुना पत्र्याचा डबा?" डबा म्हणजे धड हाही नाही, धड तोही नाही. असं उत्तर कोणी देत नसे, कारण ते दिलं की दोन्हीकडून मार बसायचा. ऊना म्हणाली होती, "डबा. आणि तोही गंजलेला. सरक, माझा पाव गार होतोय."

तो सरकला होता. पुढची सव्वीस वर्षं ती दोघं त्या डब्यातच राहिली.

अंधार पडायला लागला तेव्हा जिन्यावर धावती पावलं वाजली आणि दारावर दोन्ही हातांनी थापा पडल्या.

"आर्ची! उघड! कॅल्टनची हिरवी पोरं मागं लागलीत, पाच-सहा आहेत!"

आर्ची उठला. दाराशी गेला. कडीवर हात ठेवला.

"कोण?"

"मी सॅमी रे!"

"बिली की डॅन?" आर्चीने विचारलं. "की डबा?"

पलीकडे धापा ऐकू येत होत्या. "डोकं फिरलंय का तुझं? ती पोरं खाली आलीत!"

"माझ्या घरात डबाच येतो. तेवढं म्हण. उघडतो."

"मी बिली आहे! तुझा बाप बिली होता, तू बिली आहेस! उघड, भडव्या!"

आर्चीने कडी काढली नाही. खाली जिन्यात बूट वाजायला लागले. मग दाराच्या टपालाच्या फटीतून काहीतरी सरकत आत आलं आणि त्याच्या पायावर पडलं. निळा मफलर. घामाने ओला.

बूट वर आले. कोवळे आवाज होते, एखाददुसरा अजून फुटायचा होता.

"हाच का रे?"

"याच्या गळ्यात निळा होता."

"ए म्हाताऱ्या, बिली की डॅन?"

आता आर्चीचा हात आपोआप कडीवर दाबला गेला होता. सॅमी त्या पोरांपुढे एकदा 'बिली' म्हणाला असता तर त्याने दार उघडलं असतं. भाऊ होता शेवटी.

"डबा," सॅमी म्हणाला. हळू, पण स्वच्छ. "जुना पत्र्याचा डबा आहे मी, पोरांनो. बायकोची... वहिनीची माती होती आज. कॅथलिक होती. ऊना मलहर्न. इथंच राहायची."

पोरं कुजबुजली. कोणीतरी म्हणालं, "ह्यूईची बहीण ती." मग एक जण हसला, एकाने कठड्यावर लाथ मारली, आणि बूट खाली उतरत गेले.

आर्चीचा हात कडीवरून खाली आला.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सॅमीने तिचं नाव घेतलं होतं. स्वतःची कातडी वाचवायला. आणि ते लागूही पडलं होतं. एवढंच बोलायला लागत होतं. दुपारी ते कबरीशी बोलायचीही गरज नव्हती, नुसतं दोरी धरून गप्प उभं राहायचं होतं.

बाहेर सॅमी जमिनीवर बसल्याचा आवाज आला. मग दाराच्या फटीतून त्याचा आवाज आला.

"गेले रे ते. आर्ची?"

आर्ची टेबलाशी जाऊन बसला होता. त्याने एका स्टेक-पायचा तुकडा कापून ताटलीत घेतला. तो गार झाला होता, वरची चरबी पांढरी पडली होती.

"चहा आहे का रे?" सॅमीने विचारलं.

"आहे," आर्ची म्हणाला, आणि जागचा हलला नाही.