तारेवरचा पाहुणा

...पक्ष्याच्या गळ्यावरचा तांबूस ठिपका थरथरत होता, अंगठ्याच्या नखाएवढा. खिडकी सताड उघडी, पक्षी समोरच्या तारेवर, चोच वर, शेपटीला सारखे झटके — म्हणजे गातोय. आणि खिडकीशी उभ्या असलेल्या त्याला काहीच ऐकू येत नव्हतं.

थंडी सरता सरता कुठून कुठून उडत येणारा हा मूठभर पाहुणा. त्याची शीळ ज्याला आधी ऐकू येईल त्याने कॅलेंडरवर खूण करायची, हा घरातला रिवाज. आणि बत्तीस वर्षं ती खूण त्याचीच. पियानो जुळवणाऱ्याचे कान, बायको म्हणायची, मुंगी शिंकली तरी यांना कळेल. गेल्या वर्षीही खूण त्यानेच केली... नुसतं डोळ्यांनी पाहून. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाकडे अगदी वरच्या पाच-सहा पट्ट्या तो अंदाजानेच जुळवत आला — तारेला बोट लावून, थरथर चाचपत, मनात देवाचं नाव घेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ उघडली तर मी कोण उरतो? तारा पिळायच्या किल्ल्यांची पिशवी घेऊन हिंडणारा एक म्हातारा?

"ऐकलंत?" बायको मागे येऊन उभी होती, हातात पेन्सिल.

हो म्हणायलाच तोंड उघडलं होतं. "नाही," तो म्हणाला. "गेल्या वर्षीही नव्हतं ऐकलं."

"माहितीये मला. तुम्ही खूण केलीत तेव्हा त्याच्या चोचीत अळी होती. तोंडात घास धरून कोण गातं?"

म्हणजे वर्षभर हिला... वर्षभर तो मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकण्याची सोंगं करत होता आणि ही मुकाट्याने भाजी निवडत होती! राग यायला हवा होता. आलं ते हसू, पोटातून, डोळ्यांत पाणी आणणारं. उद्याच्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं, वरच्या पट्ट्या कोण जुळवणार — प्रश्न होते तिथेच होते. पण छातीवरचा धोंडा उतरला होता, हे मात्र खरं.

तिने त्याचं मनगट धरलं आणि बोटाने ठोके दिले. दोन भराभर, एक लांब, मग विराम. त्याने तारेकडे पाहिलं. ठिपका तसाच हलत होता — दोन भराभर, एक लांब.

"खूण तू कर," तो म्हणाला.

पक्षी उडाला. तिचं बोटही थांबलं. कितीतरी महिन्यांनी ती शांतता त्याला नुसती शांतताच वाटली.