भुरीचा मागचा उजवा पाय
मित्रांनो, मी भुरी. सोलापुरातल्या एका घरात वाढलेली, आता आठ वर्षांची झालेली लॅब्रॅडॉर कुत्री. माझी मालकीण दाक्षायणी अक्का कडक भाकऱ्या करून विकते. मोडलेली प्रत्येक भाकरी, वर तूप घालून, माझ्या ताटलीत पडायची. "किती गुबगुबीत!" असं येणारीजाणारी माणसं म्हणत, आणि मला ते फार आवडे. त्या गुबगुबीतपणाचं ओझं माझे गुडघे वाहत होते, हे मात्र कुणालाच कळलं नाही. मलाही नाही.

हळूहळू उठताना मी अडखळू लागले. केकाटले नाही, म्हणून सगळ्यांना वाटलं, लचक असेल. अक्कानं हळद लावली. मग एके दिवशी मांजरामागे धावताना मागच्या उजव्या गुडघ्यात काहीतरी तुटलं, आणि तो पाय मला टेकवेचना.

"झालं की तिचं वय. तीन पायांवरबी जगतात कुत्री," अक्काचे यजमान सिद्धप्पा म्हणाले.

"न्हाय, दाखवून तरी येऊ," अक्का म्हणाली.

डॉक्टर भार्गवीताईंनी माझी नडगी धरून हलकेच पुढे ओढली. ती सरकली.

"गुडघ्याला बांधून ठेवणारा आतला बंध तुटलाय," त्या म्हणाल्या. "एवढ्या वजनाला नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही. नडगीचं हाड कापून जरा फिरवायचं आणि धातूची पट्टी लावून स्क्रूनं बसवायचं, म्हणजे त्या बंधाशिवायही गुडघा सरकत नाही. पण खरी कसोटी नंतर. आठ आठवडे धावणं नाही, उडी नाही. हाड जुळायच्या आत उडी मारली, तर सगळं वाया."

शस्त्रक्रिया झाली. घरी कोपऱ्यात माझ्यासाठी बुटका लाकडी कठडा उभा राहिला. चौथ्या दिवशी मी इतकी रडले, की अक्काचा हात कडीकडे गेला.

"लई रडतंय लेकरू. एकदाच सोडते."

सिद्धप्पांनी तिचा हात धरला. "मलाबी बघवत न्हाय. पर आत्ता सोडलंस, तर जन्माची लंगडी करशील."

मग ते स्वतःच कठडा ओलांडून आत आले आणि माझ्याशेजारी फरशीवर बसले. मी त्यांच्या मांडीवर तोंड टेकलं. आठ आठवडे पुरे होईपर्यंत ते रोज येत राहिले.

आता मी चारही पायांवर चालते. खाणं बेताचं मिळतं, कारण दुसरा गुडघाही जपायचा आहे.

मित्रांनो, हाडं दुखली तर आम्ही ओरडतोच असं नाही. जिन्यापाशी थबकतो, फिरायला निघताना मागे राहतो, एवढंच. तेवढं दिसलं, तर आम्हाला डॉक्टरकडे न्या. आणि शेपटी हलतेय म्हणून फसू नका. दुखत असतानाही, तुम्ही दिसलात की ती हलतेच.