एकतीस नंबरचा सोबती

गंगाराम भाटकर काळं विवर शोधताहेत ही बातमी मिऱ्या गावात पसरली, तेव्हा लोकांनी ती फारशी मनावर घेतली नाही. बोटीवरून निवृत्त झालेला माणूस काहीतरी करणारच. कुणी कलमं लावतो, कुणी भावकीशी कोर्टात भांडतो. भाटकरांना भाऊ नव्हता.

लोकांची तक्रार निराळीच होती. माणूस आकाशात शोधतो म्हणतो आणि वर कधी बघत नाही. दुर्बीण नाही, काही नाही. रोज सकाळी नऊ ते बारा पडवीत बसून आकडे लिहितो आणि बाराला उठतो. हे ज्योतिषच असणार असं ठरवून दोघीतिघी मुलींच्या पत्रिका घेऊन आल्या होत्या. भाटकरांनी त्यांना चहा दिला, पत्रिका परत दिल्या आणि आपल्याकडचे तारे लग्न जुळवत नाहीत, जुळलेली शोधून काढतात, असं सांगितलं. त्या पुन्हा आल्या नाहीत.

भाटकर तीस वर्षं बोटीवर वायरलेस बघत. सात वर्षांपूर्वी त्यांची बायको मथुरा गेली तेव्हा बोट जपानच्या वाटेवर होती. ती गेल्याची तार त्यांनी स्वतःच उतरून घेतली, कारण बोटीवर तार घेणारे तेच होते. अक्षर नेहमीसारखंच स्वच्छ आलं. मग कागद कप्तानाला नेऊन दाखवला, तसा नियमच होता.

घरी आल्यावर त्यांनी दक्षिणेतल्या एका वेधशाळेला पत्र घातलं आणि तिथल्या एका डॉक्टरांनी कौतुकाने चाळीस ताऱ्यांचे आकडे पाठवले. तारे अगदी साधे, चारचौघांसारखे. पण एखाद्याभोवती काळं विवर फिरत असेल, तर तो स्वस्थ राहत नाही. जरा आपल्याकडे येतो, जरा लांब जातो, पुन्हा येतो. सोबती दिसत नाही, पण त्याच्या ओढीने तारा डुलतो. किती डुलतो आणि किती दिवसांनी, एवढं कळलं की न दिसणाऱ्याचं वजन निघतं.

“म्हणजे मी तुमचं काढलं तसंच,” गोदूबाई म्हणाली. ती रोज अकराच्या सुमाराला मासळीची पाटी घेऊन यायची आणि पायरीवर टेकायची.

“माझं काय काढलंत?”

“काय ओ तात्या, घरात माणूस एक आणि बांगडे रोज दोन. सात वर्षं झाली. आळीत बोलणं झालं, आत कोणतरी हाय. मग मी लक्ष ठेवलंन.”

“कोण निघालं?”

“मांजर.”

भाटकरांनी मान डोलावली. पद्धत बरोबर होती. ताटं दोन मांडली जातात आणि मांजर जेवायला उशिरा येतं, एवढं मात्र तिच्या निरीक्षणात आलेलं नव्हतं. किंवा आलेलं असेल.

तीस ताऱ्यांनी भाटकरांची सहा वर्षं खाल्ली. सगळे निघाले एकटे. एकतीस नंबरचा मात्र डुलत होता. आलेखाच्या कागदावर त्याची रेघ सुरेख वर जाई, खाली येई. फेरी बरोबर एका वर्षाची. हे इतकं बरोबर कसं, असं त्यांच्या मनात एकदा आलं. पण आपल्याकडे गणपती वर्षाने येतात, शिमगा वर्षाने येतो, मुंबईचे चाकरमानी वर्षाने येतात. ताऱ्याचा सोबती आला तर काय बिघडलं? सोबत्याचं वजन निघालं सूर्याच्या साडेतीनपट. एवढा जड असून दिसत नाही, म्हणजे विवरच. भाटकरांनी तीनदा गणित तपासलं, तिन्ही वेळा बरोबर आलं. त्यांनी आलेख वेधशाळेला रजिस्टर पोस्टाने पाठवला.

मग दीड महिना पोस्टमनची वाट. या दीड महिन्यात भाटकर बत्तीस नंबरला शिवले नाहीत. एकतिसाचा कागद समोर ठेवून नुसते बसत. अंधारात कुणीतरी आहे आणि त्याच्याभोवती कुणीतरी निमूट फेऱ्या घालतंय, हे आपल्याला एकट्यालाच ठाऊक आहे, या गोष्टीची त्यांना सोबत झाली होती. जेवतानासुद्धा ते समोरच्या ताटाकडे पूर्वीइतके बघत नसत.

पत्र मंगळवारी आलं. डॉक्टर सज्जन होते, मजकूर नेमका होता. प्रत्येक ताऱ्याबरोबर दोन कागद होते. पहिल्यावर मोजलेला वेग. पण पृथ्वी स्वतःच सूर्याभोवती धावते, म्हणून त्यातून तिचा वेग वजा करायचा. ती वजाबाकी दुसऱ्या कागदावर. ‘एकतिसाचा दुसरा कागद आपल्याकडून गहाळ झालेला दिसतो, नवी प्रत सोबत आहे. तारा स्थिर आहे. डुलतो आहोत ते आपण. आपण शोधलेली ओढ मात्र अगदी खरी आहे. ती सूर्याची आहे.’

भाटकरांनी पत्र दोनदा वाचलं. मग त्यांना आठवलं. पावसात गोदूबाईने सुके बोंबील बांधायला रद्दी मागितली होती. गठ्ठ्यात एक कागद होता, वर मोठ्या अक्षरांत ‘पृथ्वी’. तारा कुठला ते खाली कोपऱ्यात बारीक होतं. आधीच्याच कुठल्या ताऱ्याचा असेल, आता आपला पृथ्वीशी काय संबंध, म्हणून त्यांनी तो देऊन टाकला होता. नंतर एकतिसाला दुसरा कागद दिसेना, तेव्हा वजाबाकी तिकडेच झाली असेल, असं ते धरून चालले. तीस वेळा केलेली गोष्ट एकतिसाव्या वेळी ते आनंदाने विसरले.

त्यांनी वजाबाकी केली. अकरापर्यंत रेघ सपाट झाली. वहीत एकतिसासमोर त्यांनी लिहिलं: एकटा. अक्षर नेहमीसारखंच स्वच्छ आलं.

गोदूबाई येऊन टेकली. “आला काय कागुद? काय निघालं?”

“सूर्य.”

“कसला सूर्य?”

“हाच. रोजचा.”

तिने डोळ्यांवर हात धरून वर बघितलं. “तो होताच की ओ.”

“हो. सगळ्यांना माहीत होतं. तारा एकटाच.”

बोंबलांचं भाटकरांनी तिला काही सांगितलं नाही. मग तिने पाटीवरचं फडकं बाजूला केलं. “किती देऊ?”

“एकच द्या आज.”

तिने दोन काढून पायरीवरच्या ताटलीत ठेवले. “तारा तुमचा एकटा निघाला. त्यात मांजराने काय घोडं मारलंन?” पाटी डोक्यावर घेऊन ती पुढच्या घराकडे गेली.

बाराला भाटकरांनी दोन ताटं मांडली. मांजर अजून आलं नव्हतं. ते बाहेर येऊन बसले, बत्तीस नंबरचा पुडा काढला आणि आधी दुसरा कागद आहे का ते बघितलं. होता.