परतीचा अर्ज

“बसा की मागं,” कौमुदी म्हणाली.

रत्नाकर बसेना. चेन्नईतल्या अंबत्तूरच्या बँकशाखेचं शटर नुकतंच अर्ध्यावर आलं होतं. शनिवारचा अर्धा दिवस संपवून माणसं बाहेर पडत होती आणि त्या सगळ्यांच्या देखत त्याची बायको पदर कमरेला खोचून, मोपेड चालू करून त्याची वाट बघत होती.

“सरक, मी चालवतो.”

“रस्ते कुणाला ठाऊक आहेत? तुम्हाला का मला?”

“तू डावी-उजवी सांग की. मी घेतो.”

“अहो, इथं सांगेपर्यंत बस अंगावर येते. बसा.”

बसला बिचारा. बार्शीत त्याचं पंपदुरुस्तीचं दुकान होतं. जळलेल्या मोटारी भरून देणं, विहिरीतले पंप वर काढणं, असली कामं तो वीस-बावीस वर्षं करत होता. तालुक्यातलं कुठलंही इंजिन त्याच्या हाताला यश द्यायचं. पण घरच्या स्कूटरला मात्र त्यानं बायकोला कधी हात लावू दिला नव्हता. क्लच जळेल म्हणायचा. आता तिच्या मागे बसल्यावर हात कुठे ठेवावेत हेच त्याला कळेना. शेवटी त्यानं मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

पिशवीत अर्ज होता.

कौमुदी अठरा वर्षं बार्शीच्याच शाखेत क्लार्क होती. बढतीच्या परीक्षेला ती दरवर्षी नाही म्हणायची, कारण बँकेत बढती म्हणजे बदली, आणि बदली म्हणजे देव जाणे कुठलं राज्य. लेक ऊर्मी पुण्याला होस्टेलवर गेली त्या वर्षी रत्नाकरच गमतीनं म्हणाला, “दे की परीक्षा. कोण पास करतंय तुला!” तिनं दिली, आणि पहिल्या फटक्यात पास झाली. नेमणूक थेट चेन्नई. बार्शीत सगळे अजून मद्रासच म्हणत. “वहिनींना मद्रासला धाडलं?” असं गिऱ्हाईक विचारायचं, तेव्हा रत्नाकर पाना जरा जास्तच जोरात फिरवायचा.

वर्षाच्या आत लिहून दिलं, तर बढती सोडून मूळ शाखेत परत क्लार्क होता येत होतं. ते वर्ष परवा सोमवारी भरत होतं. तिच्यावर त्यानं जबरदस्ती केली असती असं नाही. पण दर रविवारी फोनवर तिचा आवाज रडवेला असायचा. अन्नाला चव नाही, भाषा डोक्यात शिरत नाही, करमत नाही. इकडून तो सांगायचा की कुकरच्या शिट्ट्या चुकतात, भात करपतो, दोन दिवस शेव-चुरमुऱ्यांवर काढले. मग एका रविवारी त्याला वाटलं, तीही उपाशी, आपणही उपाशी, मग हा खटाटोप कुणासाठी? कोर्टासमोरच्या टायपिस्टकडून त्यानं अर्ज करून घेतला. फक्त सहीची जागा मोकळी होती.

आज सकाळी मात्र त्याचं गणित जरा बिघडलं होतं. पहाटेच्या गाडीनं आल्यावर तिच्या खोलीवर पडून राहायचं सोडून तो साडेअकरालाच शाखेत येऊन बाकावर बसला होता. बघतो तर करमत नसलेली कौमुदी डोक्यात मोगरा माळून, समोरच्या माणसाशी भराभरा तमिळ बोलत होती. मध्येच ती इतकी मोकळी हसली की पलीकडचा शिपाईही हसला. रत्नाकरनं ते हसू ओळखलं. ऊर्मी लहान असताना ते घरात असायचं.

“घरी जायच्या आधी एका ठिकाणी पाच मिनिटं थांबायचंय,” कौमुदी मान न वळवता ओरडली. “आपल्या एका गिऱ्हाइकाचं वर्कशॉप आहे. कर्ज दिलंय, त्याचं इन्स्पेक्शन राहिलंय.”

एका पत्र्याच्या शेडसमोर मोपेड थांबली. आत शिरताच रत्नाकरच्या नाकात ओळखीचा वास गेला. वॉर्निश, तांब्याची तार, तापलेलं ऑइल. पंप! भिंतीला लागून पंपच पंप होते. त्याला माहेरी आल्यासारखं वाटलं. म्हणजे बायकांना वाटत असेल तसं.

मालक नारायणस्वामी पुढे आले. साठीचे, कपाळाला विभूती, शर्टाच्या खिशात चार पेनं. कौमुदीनं तमिळमध्ये काहीतरी सांगितलं. त्यातलं “वीट्टुकारर” एवढंच त्याच्या कानात राहिलं, आणि त्याचा अर्थ घरधनी, हे तिनं नंतर सांगितलं. ते ऐकल्याबरोबर नारायणस्वामींनी दोन्ही हात जोडले आणि कामगारांना हाका मारल्या. पाच-सहा जण हात पुसत गोळा झाले आणि रत्नाकरकडे टकामका बघू लागले.

“काय सांगितलंस ग माझ्याबद्दल?” तो कुजबुजला.

नारायणस्वामी हातवारे करत बोलू लागले, आणि कौमुदी लाजत लाजत त्याचं मराठी करू लागली. सहा महिन्यांपूर्वी मॅडम पहिल्यांदा तपासणीला आल्या. माल मोजता मोजता त्यांनी पाना उचलला आणि ओतीव इंपेलर, म्हणजे पंपातली पाणी फेकणारी चाकं, एकेक करून वाजवून बघायला लागल्या. आम्ही मनात हसलो. बँकेच्या बाईला काय कळतंय! चौथा वाजवला आणि म्हणाल्या, ह्याला तडा आहे. आम्ही म्हटलं, नवाकोरा आहे. त्यांनी तो रॉकेलनं पुसायला लावला, कोरडा केला, वरून खडू फिरवायला लावला. तसं तड्यात मुरलेलं रॉकेल खडूत झिरपलं आणि केसाएवढी काळी रेघ उमटली. अख्खी खेप बघितली, तर अकरा निघाले. ते पंप तसेच गेले असते तर आमचं नाव बुडालं असतं.

“आणि मग?” रत्नाकरनं विचारलं.

“मग त्यांनी विचारलं, हे कुठल्या कॉलेजात शिकलात. म्हटलं, कॉलेजात नाही, आमच्या दुकानात.” कौमुदीनं खाली बघितलं. “तुम्हाला दुपारी जेवायला हाक मारायला यायची ना मी. तुम्ही हातातलं संपवल्याशिवाय उठायचा नाहीत. उभी राहून राहून कान तयार झाला.”

रत्नाकरनं जवळचा एक इंपेलर उचलून उगाच वाजवून बघितला. त्याला वाटायचं, ती तिथं नुसती कंटाळून उभी असायची.

वर्कशॉपवाल्यांनी त्याला असं सोडलं थोडंच? कोपऱ्यातला एक पंप दोन दिवस घुमत होता, तो दाखवला. रत्नाकरनं पिशवी कौमुदीच्या हातात दिली, मोठा स्क्रू-ड्रायव्हर मागितला, त्याचं टोक मोटारीला टेकवून मूठ कानाशी धरली आणि डोळे मिटले. शेड गप्प झाली. “खालचं बेअरिंग,” तो म्हणाला. त्याचं तमिळ करायची गरज पडली नाही. खोलून बघितलं तर खालचंच बेअरिंग खरखरत होतं. मग कॉफी आली, वडे आले, आणि पाच मिनिटांचे अडीच तास झाले.

रविवारी सकाळी घरमालकीण राजसबाई भेटायला वर आल्या. त्या तंजावरच्या मराठ्यांपैकी. त्यांचं मराठी साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं आणि इकडेच मुरलेलं. कौमुदी स्वयंपाकघरात होती.

“बरं अस्सांत की, जावईबापू? प्रवास बरा झाला की?”

“झाला की. हिचं तेवढं बघा, आजी. करमत नाही म्हणते हिला इथं.”

“कोणास? कौमुदीस?” राजसबाईंनी हनुवटीला हात लावला. “अय्यो! पैला महिना रडूली होती, ते खरं. मग अस्कं शिकली, सगळं. तमिळ शिकली, गाडी शिकली, रसम शिकली. आतां दिवसभर हसूली असते, बापू. मलाच करमत नाही ही बँकेस गेली की.”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज बंद पडला. पहिल्यांदा रत्नाकरला राग आला. आपण तिकडे तिच्या काळजीनं अर्धे झालो, आणि ही इकडे रसम शिकतेय! पण राग टिकायला माणूस स्वतः धुतल्या तांदळासारखा लागतो, आणि रत्नाकर तसा नव्हता.

संध्याकाळी दोघं समुद्रावर गेली. पोरं घोड्यावर बसत होती, फुगे फोडत होती. रत्नाकरनं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उभा राहिला. लाटेनं पायाखालची वाळू ओढली, तसा तो मोठ्यानं ओरडला आणि कौमुदीला धरून हसत सुटला. दोघांनी वाळूत बसून शेंगा खाल्ल्या, खोबरं घातलेल्या उकडलेल्या हरभऱ्यांचं गरम सुंडल खाल्लं. टरफलं गोळा करता करता ती एकदम म्हणाली, “अर्ज आणलात ना?”

त्यानं आणखी एक शेंग फोडली.

“टाइप करून घेतलाय म्हणाला होतात. द्या, सही करते. उद्या शेवटचा दिवस आहे.” तिनं हात झटकले आणि पर्समधून पेन काढलं. आवाज अगदी सरळ होता, दुसऱ्याच कुणाच्या कागदावर सही करायला निघाल्यासारखा.

“राहिला,” रत्नाकर म्हणाला.

“काय राहिला?”

“अर्ज. निघायच्या गडबडीत टेबलावरच राहिला बघ.”

बावीस वर्षांत हा माणूस कुणाच्या विहिरीवर साधा पाना विसरून आला नव्हता. कौमुदीनं त्याच्याकडे बघितलं. मग दोघांच्या मध्ये ठेवलेल्या पिशवीकडे बघितलं. तिच्यातून प्लॅस्टिकच्या फाइलचा कोपरा चांगला चार बोटं बाहेर आला होता. तिनं हळूच तो आत सारला आणि पिशवीचा बंद ओढून घेतला.

“मग आता?”

“आता काय. तारीख गेली हातची. पुढच्या बदलीपर्यंत काढायची अजून दोन वर्षं.”

“आणि तुमच्या जेवणाचं?”

रत्नाकरनं कान खाजवला. “मला येतंय सगळं. शेंगदाण्याची आमटी येती. भाकरीसुद्धा फुगती आता. गेल्या अमावस्येला शेजारच्या दोघांना जेवायला घातलं.”

“आणि त्या कुकरच्या शिट्ट्या?”

“तुला बरं वाटावं म्हणून. मजेत आहे म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं, ह्यांचं माझ्यावाचून काही अडत नाही.”

कौमुदी हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मग ती खरंच रडली. “मीपण तेच केलं हो,” ती म्हणाली. “मला इथं आवडतं. तुम्ही नसताना आवडतं, ह्याची लाज वाटायची.”

“लाज कसली त्यात? मलाबी झोप लागती तू नसताना.” तो थांबला. “फक्त दुपारी दुकानात हाक मारायला कुणी येत नाही. तेवढं चुकल्यागत होतं.”

तिनं त्याचा हात धरला. भर समुद्रावर, शेकडो माणसांत. बार्शीत असं तिनं कधी केलं नव्हतं, आणि त्यानं करूही दिलं नसतं.

सोमवारी सकाळी एग्मोर स्टेशनवर ती त्याला सोडायला आली. डबा दिला, पाण्याची बाटली दिली, ऊर्मीसाठी मुरुक्कूचं, म्हणजे तिकडच्या चकल्यांचं, पाकीट दिलं. गाडीची वेळ झाली, टळली, गाडी हलेना. इंजिनात बिघाड आहे, असं कुणीतरी म्हणालं. आठ वाजले. कौमुदी एकदा त्याच्याकडे आणि एकदा घड्याळाकडे बघू लागली.

“काय ग?”

“काही नाही. स्ट्राँगरूमची एक किल्ली माझ्याकडे असते, एक मॅनेजरकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. पण गाडी सुटेपर्यंत थांबते मी.”

“कॅशियर, गिऱ्हाइकं सगळी खोळंबतील. जा तू.”

“अहो, तुम्ही गाडीत आणि मी आधीच निघून जाऊ? कसं दिसतं ते?”

“कसं दिसायचंय? जा म्हणतो ना.” खिडकीच्या गजांमधून त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. “हळू चालव गाडी.”

ती निघाली. आधी दोनदा वळून बघितलं, मग घाईघाईनं जिना चढायला लागली आणि गर्दीत मिसळली.

समोरच्या बाकावर गुलबर्ग्याला जाणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. त्यांना मराठी कळत होतं. “गाडी सुटायच्या आधीच गेल्या की हो मिसेस,” त्या हळहळून म्हणाल्या.

“कामावर वेळ होत होता तिला,” रत्नाकर म्हणाला. “ती गेल्याशिवाय बँक उघडत नाही.”

त्यानं मांडी घातली, पिशवी शेजारी ठेवली आणि रिकाम्या जिन्याकडे बघत बसून राहिला. गाडी सुटायला अजून अवकाश होता.