नसीमचे चौकोन

सोजरबाईंच्या शब्दकोड्यात दर रविवारी काही चौकोन कोरे राहायचे, आणि ते का राहतात हे कर्वेनगरच्या त्या फ्लॅटमध्ये कुणालाच कळत नव्हतं. सून पद्मजा म्हणायची, "आई, सिनेमाचं नावच ना? मोबाईलवर बघून सांगते की."

"नगं. ते माझं न्हाई," एवढं बोलून म्हातारी पेपरची घडी घालायची.

ते नसीमचं होतं. सत्तर सालच्या आसपास खडकीच्या फॅक्टरी क्वार्टरमध्ये दोघी शेजारणी होत्या. मध्ये कमरेएवढी भिंत, आणि दोन घरांत मिळून एक पेपर. सोजरबाईंचे वडील लोणी काळभोरचे कीर्तनकार, त्यामुळे शाळा सातवीत सुटली तरी शब्द पोतंभर. हत्ती, तीन अक्षरं? कुंजर. पाणी? उदक. सिनेमाचा प्रश्न आला की मात्र बाई गप्प, कारण मालकांना थिएटरचं वावडं! नसीम नवऱ्याच्या सायकलवर मागे बसून दर शुक्रवारी सिनेमाला जायची. मग एका चार अक्षरी उत्तरासाठी ती भिंतीवर कोपरं टेकून अख्खा तीन तासांचा सिनेमा सांगायची, गाण्यांसकट. एकदा अशाच एका सिनेमापायी सोजरबाईंचा भात करपला आणि सासूबाई दोन दिवस तोंड फुगवून बसल्या. काय सुखाचे दिवस होते ते!

मालक रिटायर झाले, क्वार्टर सुटलं. नसीम खडकी बाजारात राहायला गेली. सुरुवातीला जाणं-येणं होतं. मग गुडघे, नातवंडं, दोन-दोन बस. बघता बघता बारा वर्षं भेट नाही. सोजरबाईंनी मात्र नसीमचे चौकोन कुणाला भरू दिले नाहीत. तिकडे ती आपली आठवण काढत असेल का, हा प्रश्न त्यांना रविवारी हटकून छळायचा.

शेवटी एका रविवारी पद्मजाने वैतागून रिक्षाच बोलावली. "जा, आणि त्यांनाच विचारून या!"

नसीमने दारातच मिठी मारली. दोघींचं रडून झालं, चहा झाला, आणि मग सोजरबाईंची नजर टेबलावरच्या पेपरवर गेली. कोडं पुरं सुटलेलं. एकही चौकोन कोरा नाही. आपण वेड्यासारखी जागा राखून बसलो, आणि हिचं आपल्यावाचून काहीच अडलं नाही!

"एकटीनंच सोडवतीस व्हय?"

"एकटी कुठे, ताई?" नसीमने कोड्यातल्या 'कुंजर'वर बोट ठेवलं. "हे कोणी शिकवलं? हत्ती आला की तुमचा आवाज येतो कानात. दर रविवारी बोलते मी तुमच्याशी."

सोजरबाईंनी पिशवीतून गेल्या रविवारचा, कोऱ्या चौकोनांचा पेपर काढला. नसीमने पेन्सिल उचलली, तशी ती हातातून घेऊन त्यांनी स्वतःच सिनेमाचं नाव लिहिलं, चारही अक्षरं, न अडखळता. ते त्यांना कितीतरी वर्षं येत होतं.

नसीम बघतच राहिली. "अय्या! हा कधी बघितलात?"

"बघितला कुठं? भात करपला तवा तू सांगितला व्हतास."