निवृत्तींच्या तोंडातलं सोनकमळ

मित्रांनो, मी वीस पैशांचं एक जुनं नाणं आहे. अस्थींबरोबर येऊन गोदावरीच्या गाळात पडून आहे. भिऊ नका, पण जवळ या.

निवृत्तींचा शेवटचा साधा दिवस १९८३च्या भाद्रपदातला. पंचवटीतल्या खोलीच्या दारात बसून ते मला चिंचेने घासत होते. माहेरी आलेली त्यांची शिक्षिका मुलगी यशोदा वह्या तपासत होती.

"बघ, कशी झळाळी हाय! सोनंच."

"पितळ आहे, दादा. पुस्तकात लिहिलंय."

"लिहिणाऱ्यानं सोनं पाहिलं तरी व्हतं का?" ते हसले. "मी गेलो की हेच ठेव तोंडात. तुझ्या गळ्यातला मणी मोडू नको."

"काहीतरीच बोलता!"

माझा जन्म १९७०चा, मुंबईच्या टांकसाळीतला. एका अंगाला सिंह, दुसऱ्या अंगाला उमललेलं कमळ, रंग पिवळाधमक. आमच्यात सोनं मिसळलंय अशी आवई उठली आणि आळीतल्या बायका आम्हाला 'सोनकमळ' म्हणू लागल्या. चहाविडीवर आम्हाला कोणी मोडेना. मला गर्व झाला होता, खोटं का बोलू?

निवृत्ती ओझरच्या कारखान्यात कामाला. यशोदेच्या लग्नात बांगड्या व्हाव्यात म्हणून त्यांनी आमची पुरचुंडी जमवली आणि एके दिवशी सराफ बाजारात नेली. सराफाने मला कसोटीवर घासलं आणि तो मोठ्याने हसला. "काका, भांडीबाजार पलीकडच्या गल्लीत!" गिऱ्हाइकंही हसली. पुरचुंडी बांधताना निवृत्तींना गाठ मारता येईना.

माझी भावंडं त्यांनी हळूहळू खर्चून टाकली, मला ठेवलं. घरी चकार शब्द काढला नाही. उलट तेव्हापासून मला दाखवून रोज म्हणायचे, सोनं आहे.

मला चिंचेने घासलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते उठलेच नाहीत.

शेजारच्या सिंधुबाईंनी तुळशीचं पान आणलं. "यशोदे, तोंडात सोन्याचा कण लागतो गं. काढ एक मणी."

यशोदेने मला उचललं.

"अगं, हे पितळ!"

"त्यांनी सांगितलंय."

मित्रांनो, तसा गारवा मला कुठल्याच मुठीत, कुठल्याच गल्ल्यात भेटला नव्हता. कमळ टाळूला, सिंह जिभेवर. बाहेरचं रडणं विहिरीच्या तळाशी ऐकू यावं तसं येत होतं. आणि जीभ हलली. एकदाच. त्यांना काही बोलायचं होतं आणि माझी आडकाठी होत होती, असं मला अजून वाटतं.

यशोदेने सगळ्यांना बाहेर पाठवलं. ती त्यांच्या कानाशी वाकली. मित्रांनो, बोलायचं ते माणसाला ऐकू येतं तोवर बोलावं. तिचं बोलणं मी ऐकलं, पण मी धातू. माझ्या ऐकण्याचा तिला काय उपयोग?

"दादा, सराफ तुम्हाला हसला तेव्हा मी समोरच्या दुकानात होते. मैत्रिणींनी विचारलं, कोण गं ते? मी म्हटलं, माहीत नाही."