आतून लावायची अक्षरं

मी एक जुना कटर आहे. कापणारा आहे, पण कुणाचा गळा नाही हो! व्हिनाइल नावाच्या रंगीत, चिकट प्लास्टिकची गुंडाळी माझ्या पोटातून सरकते, माझं इवलंसं पातं तिच्यावर फिरतं, आणि तुमच्या पाण्याच्या बाटलीवर, दप्तरावर, सायकलवर मिरवणारी अक्षरं तयार होतात. वरचा थर कापायचा आणि खालच्या कागदाला ओरखडाही येऊ द्यायचा नाही, हे माझं कसब. मित्रांनो, आज मी काचेच्या कपाटात बसून तुमच्याशी बोलतो आहे. माझ्या बोलण्यात गोडवा नसेल, तर तो शोधत बसू नका.

कारखान्यात मला जोडलं, एक सरळ रेघ कापून पाहिली आणि खोक्यात घातलं. ते खोकं उघडलं काकूंनी. वाचनालयात पुस्तकांच्या पाठीवर नावं लिहिण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. निवृत्त झाल्यावर त्यांची बोटं वळवळू लागली. मुलगा म्हणाला, "या वयात हे काय नवीन खूळ काढलंस?"

"खूळ तर खूळ. असू दे," काकू म्हणाल्या. 'असू दे' हा त्यांचा जुना शब्द. चहा सांडला, असू दे. कुणी टोचून बोललं, असू दे.

आमचा पहिला शब्द होता 'स्वयंपाकघर'. मराठी अक्षरं संगणकावर आधी एकजीव करून घ्यावी लागतात, हे तेव्हा काकूंना कुठलं माहीत! मी आपला प्रत्येक अक्षराची कड वेगळी धरत गेलो आणि जिथे दोन शिरोरेषा एकमेकींवर चढल्या होत्या, तिथे तिथे पातं चालवलं. काकूंनी कागदावरून शब्द उचलला, तर एकेक अक्षर सुटं होऊन हातात आलं. वरचं टिंब तर गायबच. सगळी खोली धुंडाळली. ते सापडलं संध्याकाळी, त्यांच्याच कोपराला चिकटलेलं! काकू एकट्याच बसून इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. त्यांचं तसं हसणं मी नंतर फारसं ऐकलं नाही.

मग मात्र त्या शिकल्या. अक्षरं जोडायला शिकल्या, नको असलेला भाग बारीक आकड्याने उचलायला शिकल्या. आणि सगळ्यात अवघड गोष्ट शिकल्या, ती म्हणजे उलटं कापणं. कपड्यावर इस्त्रीने उठवायची अक्षरं उलटी कापावी लागतात. काचेला आतून लावायची अक्षरंही उलटीच कापतात, म्हणजे ती बाहेरून सुलटी वाचता येतात. पाऊस, धूळ, पुसायचं फडकं, कशाचाच त्यांना त्रास होत नाही.

हळूहळू आमचं नाव झालं. शेजारीण आली, भाची आली, भाचीच्या मैत्रिणी आल्या. "काकू, एवढं करून द्या ना, तुम्हाला काय, बसल्या बसल्या होतं!" बसल्या बसल्या! त्यांच्या मानेला विचारा, माझ्या पात्याला विचारा. पण काकूंना कौतुकाची भूक होती आणि मलाही होती, खोटं कशाला बोलू? आम्ही दोघं राबलो. ज्यांनी नेलं, त्यांतली निम्मी माणसं मान डोलावून गेली ती पुन्हा फिरकलीच नाहीत.

काकूंना मनापासून एकच गोष्ट हवी होती. मुलगा चष्म्याचं दुकान काढत होता, आणि त्या दुकानाच्या काचेवर आपली अक्षरं असावीत, इतकंच. तो "बघू" म्हणाला. काकूंनी 'बघू'चा अर्थ 'हो' असा घेतला. गडद निळा रंग निवडला. नाव तीनदा कापून तीनदा फेकलं, तेव्हा कुठे त्यांच्या मनासारखं वळण आलं. इतकं सुरेख काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही.

तो न्यायला आला तेव्हा फोनवर बोलत होता. "सोन्या, आतून लाव हं," काकू म्हणाल्या.

"हो, हो." गुंडाळी काखेत मारली आणि गेला.

"मी येऊ का लावायला?" त्यांनी जिन्यापर्यंत जाऊन विचारलं.

"नको, तिथे धूळ आहे!"

दुकान उघडलं त्या दिवशी काकू नवे कपडे घालून गेल्या आणि लवकर परतल्या. मागोमाग तो आला, लालबुंद होऊन. काय झालं होतं ते मला त्याच्या ओरडण्यातून कळलं. पठ्ठ्याने अक्षरं बाहेरून लावली होती! रस्त्यावरून पाहिलं तर नाव उलटं. पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं होतं, "साहेब, आधी पाटी वाचायचा चष्मा द्या!"

"लोक हसले मला! तुझं सगळं उलटंच असतं आई!"

"अरे, पण मी तुला आतून..."

"आता राहू दे. खरवडून टाकलंय. बाजारातून छापील पाटी आणली."

मी तिथेच टेबलावर होतो. मला तोंड असतं तर बोललो असतो. काकूंना तोंड होतं, पण त्या म्हणाल्या, "असू दे."

मित्रांनो, तो किस्सा त्याने पुढे घरोघर सांगितला. आला पाहुणा की, "आमच्या आईची गंमत ऐका." सगळे खो खो हसायचे, काकूही हसायच्या. आपण कुठे चुकलो, हे त्याने एकदाही विचारलं नाही. आणि काकूंनी माझी वायर काढली ती कायमची, असंच मला वाटलं.

पण गेल्या आठवड्यात त्यांनी मला पुन्हा लावलं. पातं गंजलं होतं, तरी दोन शब्द कापले. मग मला पुसून या कपाटात ठेवलं, शब्द काचेला लावले आणि दाराला कुलूप घातलं.

काल मुलगा आला. "हे काय 'असू दे' लावलंयस? माणसं येणारेत घरी." तो नखाने खरवडू लागला. कड सापडेना. "निघत कसं नाही हे?"

"आतून आहे रे," काकू म्हणाल्या.

त्याचं नख काचेवरच थांबलं. त्याने काचेकडे पाहिलं, मग आईकडे. मला वाटलं, पेटली बत्ती! आता याला ते दुकान आठवणार, आता हा विचारणार.

"मग किल्ली कुठाय?" त्याने विचारलं.

"हरवली," काकू म्हणाल्या. किल्ली त्यांच्या मुठीत होती. मला इथून स्वच्छ दिसत होती.

मित्रांनो, कुणी तुमच्यासाठी हाताने काही करून दिलं, तर कौतुक राहिलं तरी चालेल. एवढंच विचारा की हे कुठल्या बाजूने लावायचं. आणि उत्तर मिळेपर्यंत फोन खाली ठेवा.

मला इथून ती अक्षरं उलटी दिसतात. पण मला वाचता येतात. मीच कापली आहेत.